कोकणातला पाऊस, एआय आणि देशोदेशींच्या नोंदी

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. असं वादळ कुठल्या वाटेने येणार याचा अंदाज आता एआय मिनिटभरात काढतं. गूगल डीपमाइंडचं ‘ग्राफकास्ट’ मॉडेल आत्ताची आणि सहा तासांपूर्वीची हवा पाहून पुढच्या सहा तासांनंतरची हवा सांगतं. तेच उत्तर पुन्हा त्याच्यापुढे ठेवायचं. अशा चाळीस फेऱ्या झाल्या की दहा दिवसांचा अंदाज तयार.

हे मॉडेल शिकलं ‘इरा-५’ या संचावर. उपग्रह, जहाजं, विमानं आणि फुगे यांच्या जगभरच्या नोंदींतून युरोपीय हवामान केंद्राने १९४० पासूनच्या हवेचा तासातासाचा इतिहास रचला आहे. एकट्या देशाच्या आवाक्यातलं हे काम नव्हे. फुगे सोडायच्या वेळाही ठरलेल्या: आपल्या घड्याळात पहाटे आणि संध्याकाळी साडेपाचच्या निरीक्षणासाठी. जागतिक हवामान संघटनेच्या २०२१ च्या धोरणानुसार ‘मूलभूत’ नोंदी मोफत द्यायच्याच. बाकीच्यांसाठी नुसता आग्रह.

खास एआयसाठी ब्लेचली, सोल, पॅरिस अशा परिषदा झाल्या. २०२५ च्या पॅरिस परिषदेचं सहअध्यक्षपद भारताकडे होतं, आणि तिथल्या जाहीरनाम्यावर अमेरिका व ब्रिटनने सही केली नाही. त्यापेक्षा कोणती नोंद, किती वाजता, कुठल्या साच्यात हे ठरवणारी हवामानवाल्यांची रुक्ष नियमावली अधिक कामाची, असं आमचं मत.

कोकणात मात्र ग्राफकास्ट अडखळतं. ते नकाशाच्या चौकटी पाडून प्रत्येक चौकटीला एकच आकडा देतं. त्याची एक चौकट सुमारे २८ किलोमीटरची, आणि समुद्रापासून सह्याद्रीपर्यंतची पट्टी जेमतेम दोन चौकटींची. खाडीकाठचा आणि घाटातला पाऊस एकाच सरासरीत मिसळतो. शिवाय मोठ्या चुकीला शिकवणीत जबर दंड असल्याने मॉडेल मधलंच उत्तर धरतं: वादळाची वाट बरीचशी जमते, वाऱ्याचा जोर कमी दाखवला जातो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने घडवलेलं, मे २०२५ मध्ये सुरू झालेलं ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ सहा किलोमीटरच्या चौकटीपर्यंत उतरतं. तेही शेवटी गावच्या पर्जन्यमापकाशीच ताडून पाहावं लागतं, आणि गोम तिथेच आहे. झाडाखालच्या मापकाच्या नरसाळ्यात पाला अडकतो. स्वयंचलित मापकात छोटी वाटी भरली की कलंडते आणि तेवढा पाऊस मोजला जातो; पण ती कलंडतानाचं पाणी धो-धो पावसात मोजलंच जात नाही. अशा नोंदींवर दुरुस्त केलेलं मॉडेल मग सर्वांत मोठे पाऊसच कमी सांगायला शिकतं.