साक्षर झाल्यावर वाचायचं काय?

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांची घरं-दुकानं गाठली, कर्जखतं बाहेर काढली आणि जाळून टाकली. दख्खनचे दंगे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या उठावात माणसांपेक्षा कागदांवर राग जास्त निघाला. खतावर शेतकऱ्याची निशाणी असे, बहुधा नांगराची, पण वरच्या मोडी मजकुरात काय लिहिलंय ते त्याला कळत नसे. वाचून दाखवणारा एक तर सावकार, नाहीतर त्याच्या उठबशीतला कुणी. १८७९ मध्ये शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी जो कायदा झाला, त्यात असे व्यवहार गावच्या निबंधकासमोर लिहिले जावेत अशी तरतूद करावी लागली. शिकवण्यापेक्षा हा उपाय सरकारला स्वस्त पडला.

महात्मा फुल्यांचं दुखणं नेमकं हेच होतं. १८८२ मध्ये ब्रिटिश सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं याची यादीच दिली आहे: मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, जुजबी इतिहास-भूगोल-व्याकरण, शेतीची माहिती, नीती आणि आरोग्य. त्यात मोडी आहे, कारण व्यवहाराचा कागद मोडीत असे. बाळबोध म्हणजे देवनागरी आहे, कारण छापील पुस्तक बाळबोधात असे. दोन्ही दारं उघडली पाहिजेत, एवढा नेमका विचार नंतरच्या अनेक समित्यांना जमलेला नाही.

सुप्याचा उठाव झाला त्याच महिन्यात नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळराव नावाचा १२ वर्षांचा मुलगा बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. तोवर त्याची अक्षरांशी गाठ पडलेली नव्हती. पुढे तोच सयाजीराव गायकवाड. उशिरा वाचायला शिकलेल्या या राजाने १८९३ मध्ये अमरेली भागातल्या निवडक गावांत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, १९०६ मध्ये ते संस्थानभर लागू केलं. इथवरची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. त्यापुढची सहसा नसते, आणि माझ्या मते तीच महत्त्वाची.

चार इयत्ता शिकून मुलगा शेतावर परतला की दोन-चार वर्षांत शिकलेलं विसरतो, कारण घरात छापील कागदच नसतो. यावर उपाय म्हणून सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला बोलावलं. बॉर्डन १९१३ पर्यंत बडोद्यात राहिला. मध्यवर्ती ग्रंथालयाचा पाया म्हणून महाराजांनी राजवाड्यातला स्वतःचा ग्रंथसंग्रह देऊन टाकला. त्या ग्रंथालयात बायकांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. बॉर्डननंतर काम पुढे नेलं ते जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी.

खरी करामत मात्र खेड्यांत होती. मजबूत लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावोगाव पाठवली जात. वाचून झाली की पेटी परत यायची आणि दुसरी निघायची. वाहतुकीचा खर्च ग्रंथालय खात्याचा, गावावर भार नाही. कायमचं वाचनालय हवं असेल तर गावाने वर्गणी गोळा करायची. जेवढी गोळा होईल तेवढीच रक्कम प्रांत पंचायत घालणार आणि तेवढीच सरकार. म्हणजे गावाच्या एका रुपयाचे तीन व्हायचे. ज्यांना वाचताच येत नाही त्यांच्यासाठी चित्रं आणि चलचित्रं दाखवणारी वेगळी शाखा होती. अक्षरशत्रू माणसालाही ग्रंथालयाचं गिऱ्हाईक मानणारं खातं शंभर वर्षांपूर्वी चालत होतं, हे आज सांगितलं तर लोकांना थाप वाटते.

ब्रिटिश मुलखात चित्र वेगळं होतं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं तेव्हा बडोद्याचा दाखला दिला होता. पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्ती आणली, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला १ रुपया दंड ठेवून.

स्वातंत्र्यानंतरची मोठी उडी म्हणजे ग्रामशिक्षण मोहीम. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ती सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. शाळेचे गुरुजी आणि गावातली शिकलेली पोरं रात्री वर्ग घेत. गावातले सगळे प्रौढ साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ व्हायचा आणि गाव साक्षर म्हणून जाहीर व्हायचं. लोकांचा उत्साह खरा होता, त्याबद्दल शंका नाही. पण समारंभाचा मांडव उतरल्यावर काय, हा बडोद्याचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. वाचायला काही हाताशी नसेल तर नव्याने शिकलेलं टिकत नाही, आणि सहीपुरती साक्षरता तेवढी उरते.

जनगणनेच्या व्याख्येत हा फरक दिसत नाही. १९११ मध्ये मित्राला पत्र लिहिता येणं आणि त्याचं उत्तर वाचता येणं ही साक्षरतेची कसोटी होती. आता ७ वर्षांवरील व्यक्तीला कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता आलं की ती साक्षर. गणनेला येणारा कर्मचारी काही वाचून घेत नाही. घरचे सांगतील ते लिहितो. २०११ मध्ये महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर गेली ती अशी. उलट 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणीत मुलांच्या हातात प्रत्यक्ष मजकूर देतात. २०२२ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा परिच्छेद वाचू शकणारी ४२.८ टक्के निघाली.

परिच्छेद वाचला तरी तो कळतोच असं नाही. पाचवी-सहावीतलं मूल भूगोलाच्या पुस्तकातलं 'सरासरी वार्षिक पर्जन्यमान' न अडखळता घडाघडा वाचतं. काय समजलं विचारलं की गप्प बसतं. 'औंदा पाऊस किती झाला?' विचारा, लगेच तोंड उघडतं. पाठ्यपुस्तकी मराठीला हे वळण जुनंच आहे. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला, १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत शब्दसंख्या ६० हजारांच्या घरात गेली. त्याचा सहकारी मेजर कँडी शालेय पुस्तकांची भाषा तपासत असे, आणि मदतीला शास्त्री-पंडित. छापील मराठी एकसारखी झाली ती अशी, शिष्टांच्या बोलीकडे झुकून. ज्या घरात ती बोली होती, त्या मुलांची निम्मी वाट शाळेत पाऊल टाकण्याआधीच सरलेली असे. वारली, भिल्ली किंवा अहिराणी बोलणाऱ्या घरातल्या मुलाला ती सगळी शाळेतच चालावी लागते. रोजच्या बोलण्यात न येणारे शब्द मिळण्याची जागा मुख्यतः पुस्तकच, तेही धड्याबाहेरचं. बालभारतीने १९७१ पासून 'किशोर' मासिक चालवलं ते याच गरजेतून, असं मला वाटतं.

मोठ्यांसाठी १९६७ मध्ये महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. रत्नागिरीचं १८२८ चं आणि नाशिकचं १८४० चं, अशी लोकांनी काढलेली जुनी वाचनालयं राज्यात आधीपासून होतीच. कायद्याने मान्यता आणि अनुदानाची पद्धत घालून दिली, अ पासून ड पर्यंत वर्ग पाडले. मद्रासच्या १९४८ च्या कायद्यात असलेला ग्रंथालय कर मात्र घेतला नाही. त्यामुळे ग्रंथालयाला स्वतःचं हक्काचं उत्पन्न राहिलं नाही. सगळं अनुदानाच्या हप्त्यावर. आज मान्यताप्राप्त ग्रंथालयं ११ हजारांच्या घरात आहेत. त्यातली बरीचशी ड वर्गात, म्हणजे एखादी खोली, चार वर्तमानपत्रं, पुस्तकांची कपाटं आणि तुटपुंज्या मानधनावर दार उघडणारा एक माणूस.