धर्मग्राम, कॅथलिक : खानदेश

बिशपांच्या अधिकाराखाली एका धर्मगुरूकडे कायमस्वरूपी सोपवलेला श्रद्धावंतांचा ठरावीक समुदाय म्हणजे धर्मग्राम. कॅथलिक चर्चच्या कायद्याच्या, म्हणजे १९८३ च्या धर्मसंहितेच्या, ५१५ व्या कलमात त्याची व्याख्या याच आशयाची आहे. या समुदायाचे नेहमीचे उपासनास्थान ते धर्मग्रामचर्च. आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांच्या खानदेशात कॅथलिक वस्ती विरळ असून ती मुख्यतः शहरांत व रेल्वेमार्गालगत आढळते. हे तिन्ही जिल्हे नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे नाशिकच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात, येतात. नाशिक धर्मप्रांत पुणे धर्मप्रांतातून १५ मे १९८७ रोजी वेगळा करण्यात आला. त्याआधी शंभर वर्षे खानदेशचा कारभार पुण्याहून चाले. जुन्या धर्मग्रामांत भुसावळचे स्थान विशेष असल्याने या नोंदीत बहुतेक उदाहरणे तेथील आहेत.

आरंभ : खानदेशात कॅथलिक धर्म केव्हा आला, या प्रश्नाची दोन उत्तरे दिली जातात. पहिले मोगल काळात नेते, दुसरे रेल्वेच्या काळात. पहिल्या उत्तराचा सारा आधार असीरगडच्या वेढ्याचा आहे. असीरगड व बऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात मोडत असले, तरी फारुकी घराण्याच्या काळी खानदेशची सत्ता तेथूनच चाले. १६०० मध्ये अकबर बऱ्हाणपुरास आला, तेव्हा त्याच्या छावणीत जेरोम झेवियर हा जेझुइट (येशूसंघ या धर्मगुरूंच्या संघाचा) धर्मगुरू व बेंतो द गोइश हा त्याचा सहकारी होता. जेरोम हा संत फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातला. जेझुइटांच्या पत्रांवरून पिएर द्यु जारिक याने सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या वृत्तांतात दोन गोष्टी येतात. किल्ला पाडण्यासाठी चौलच्या पोर्तुगिजांकडून तोफा व दारूगोळा मागवून द्यावा, अशी गळ अकबराने झेवियरला घातली. त्याने ती नाकारली आणि बादशहाचा रोष ओढवून घेतला. दुसरी अशी, की बहादूरखान फारुकीच्या पदरी किल्ल्यात सात पोर्तुगीज होते. जानेवारी १६०१ मध्ये किल्ला पडल्यावर ते झेवियरच्या हवाली झाले आणि त्याने त्यांना पुन्हा कॅथलिक धर्मात घेतले.

या वृत्तांताच्या विश्वासार्हतेवर इतिहासकारांत मतभेद आहेत. व्हिन्सेंट स्मिथ यांनी १९१७ मध्ये जेझुइट बाजू उचलून धरली आणि अकबराने बहादूरखानास वचन देऊन फसवले असा निष्कर्ष काढला. अबुल फजल व फैजी सरहिंदी यांच्या फारसी वृत्तांत किल्ला पडण्याची कारणे वेगळी दिली आहेत; किल्ल्यात पसरलेली साथ त्यांपैकी एक. पुढे सी. एच. पेन यांनी १९२६ मध्ये द्यु जारिकच्या मजकुराचे इंग्रजी भाषांतर करताना स्मिथ यांच्या मांडणीवर आक्षेप घेतले. प्रस्तुत विषयापुरते पाहता हा वाद किल्ला कसा पडला याविषयी आहे. सात पोर्तुगिजांची हकीगत जशीच्या तशी खरी मानली, तरी ती छावणीतली घटना ठरते. छावणी उठली तसे धर्मगुरूही गेले. गोइश त्याच वर्षी अकबराच्या वकिलातीबरोबर गोव्याला गेला आणि पुढे खुष्कीच्या मार्गाने चीनला निघून १६०७ मध्ये तेथेच वारला. कायमचा धर्मगुरू, वेदी व स्नानसंस्काराची (बाप्तिस्म्याची) वही या तीन गोष्टींशिवाय धर्मग्राम म्हणता येत नाही. या कसोटीवर असीरगडचा प्रसंग खानदेशच्या इतिहासात मोलाचा असला, तरी धर्मग्रामाच्या इतिहासात तो प्रस्तावनेपुरताच येतो.

असीरगड १८१९ मध्ये इंग्रजांनी घेतल्यावर तेथे शिबंदी राहिली. कंपनीच्या गोऱ्या फौजेत आयरिश कॅथलिकांचा भरणा मोठा असल्याने अशा ठाण्यांवर कॅथलिक शिपाई असणे संभवनीय आहे. मात्र धर्मगुरूच्या अधूनमधून होणाऱ्या फेऱ्यांपलीकडे तेथे काही स्थिर झाले, असे मानण्यास आधार पुरेसा नाही.

धर्माधिकार : रेल्वेपूर्व काळात खानदेश कागदोपत्री कोणाकडे होता, हा प्रश्न गुंतागुंतीचा आहे. पोर्तुगालच्या राजाला मिळालेला आश्रयाधिकार म्हणजे पाद्रोआदो आणि रोमच्या प्रोपगंडा या मंडळाने थेट नेमलेले धर्माधिकारी, अशा दोन सत्ता पश्चिम भारतात शेजारी शेजारी नांदत होत्या. पोप सोळावे ग्रेगरी यांच्या १८३८ च्या आज्ञापत्राने तंटा चिघळला. १८५७ व १८८६ च्या करारांनी तो टप्प्याटप्प्याने निवळला. मुंबईत १७२० पासून कार्मेलाइट धर्मगुरू होते. त्यांच्यानंतर, १८५४ च्या सुमारास, मुंबई व पुणे असे दोन विभाग पडले : मुंबई कापुचिन संघाकडे, तर पुणे जेझुइटांकडे. १८५८ मध्ये दोन्ही जर्मन जेझुइटांच्या हाती आले. १ सप्टेंबर १८८६ रोजी तेरावे लिओ यांनी भारतातील धर्मप्रांतांची रीतसर रचना केली, तेव्हा पुणे स्वतंत्र धर्मप्रांत झाला. बर्नार्ड बायडर-लिंडन हे त्याचे पहिले बिशप.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्णनांत पुणे धर्मप्रांताची उत्तर सीमा तापी नदी अशी दिली आहे. ती काटेकोर धरली, तर भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे व नंदुरबार पुण्याकडे येतात. रावेर, यावल, चोपडे, शिरपूर, शहादे व तळोदे पलीकडे राहतात. भुसावळ तापीच्या दक्षिण तीरावर आहे आणि खांडव्याकडे जाणारी गाडी शहर सोडताच नदीचा पूल ओलांडते, म्हणजे पुलाबरोबर धर्मप्रांतही बदलला असता. ही सीमा नकाशा आखणाऱ्यांच्या सोयीची असावी आणि प्रत्यक्ष सेवा रेल्वेमार्गाच्या कलाने होत असावी, हे मत अधिक पटते. खानदेश जिल्ह्याचे १९०६ मध्ये पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, तेही नदीच्या काठाने नव्हेत. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे.

रेल्वे व धर्मग्राम : थळ घाटाचा मार्ग १८६५ मध्ये खुला झाला आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे (जीआयपी) घाटमाथ्यावरून खानदेशात मोकळेपणी धावू लागली. १८६७ मध्ये फाटा नागपूरला पोहोचला, १८७० मध्ये मुख्य मार्ग जबलपूरला जोडला गेला. हे दोन मार्ग जेथे फुटतात ते भुसावळ. रेल्वेपूर्वी लहानसे खेडे असलेल्या या गावात लोकोशेड, कारखाना, बंगले व चाळी उभ्या राहिल्या. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागांवर युरोपीय व अँग्लो-इंडियन मंडळी आली. त्यांच्यामागून गोव्याचे व दक्षिणेचे कॅथलिक कारकून, स्वयंपाकी व बँडवाले आले. धर्मग्राम घडला तो या वस्तीतून. इगतपुरी, मनमाड व भुसावळ या तीन स्थानकांची कॅथलिक वस्ती एका साच्यातली आहे, आणि तो साचा गाड्यांच्या वेळापत्रकाने घडवला. रविवारी कोण मिस्सेला, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला, येणार हे ड्युटीवर ठरे.

दुसरा प्रवाह मराठी भाषकांचा. अहमदनगर जिल्ह्यात जेझुइटांनी १८७८ च्या सुमारास काम सुरू केले. केंदळ येथून हेन्री डोअरिंग यांनी १९०३ मध्ये सुरू केलेल्या ‘निरोप्या’ मासिकाने मराठी कॅथलिक लेखनाला घर दिले. डोअरिंग पुढे पुण्याचे बिशप झाले. रेल्वेतील व शहरातील नोकऱ्यांमुळे या भागातील कुटुंबे खानदेशात स्थिरावली. स्वातंत्र्यानंतर अँग्लो-इंडियन कुटुंबे इंग्लंड व ऑस्ट्रेलियाकडे गेली आणि धर्मग्रामाची भाषा इंग्रजीकडून मराठीकडे वळली. १९५१ मध्ये जीआयपीचे रूपांतर मध्य रेल्वेत झाले. भुसावळ विभाग राहिला, माणसे बदलली.

वास्तू : रेल्वेकालीन चर्चे मुंबई-पुण्याच्या मानाने साधी आहेत. जाड भिंती, उंच उतरते छप्पर, टोकदार कमानीच्या खिडक्या आणि वर गरम हवा जाण्यासाठी झरोके, हा या काळाचा सर्वसाधारण ढाचा. भुसावळच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, त्यामुळे छपराची उंची येथे शोभेपेक्षा गरजेची ठरते.

आत गेल्यावर सर्वांत बोलका भाग वेदीचा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला. त्यापूर्वी धर्मगुरू भिंतीला लागून असलेल्या वेदीकडे तोंड करून लॅटिनमध्ये मिस्सा करीत. त्यानंतर वेदी पुढे आली, धर्मगुरू लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि लोकभाषा आली. म्हणून जुन्या चर्चमध्ये पुष्कळदा दोन वेद्या दिसतात : मागे पायऱ्यापायऱ्यांची, कोनाड्यांत मूर्ती असलेली जुनी, आणि पुढे साधी, मेजासारखी नवी. दोहोंमधल्या फरशीवर कधी कधी ओळीने बुजवलेली भोके दिसतात; कम्युनियन (पवित्र भाकर) घेताना लोक ज्या कठड्यापाशी गुडघे टेकत, तो कठडा तेथे होता. नूतनीकरणात ही भोके नव्या टाइलखाली गाडली जातात, ही हानी आहे. गेल्या दीडशे वर्षांत उपासना कशी बदलली याची खूण त्याच फरशीत असते.

ओळख : रेल्वेगावांत कॅथलिक चर्च व पूर्वीचे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले) चर्च जवळजवळ असते आणि बाहेरून ती सारखीच भासतात. अँग्लिकन चर्चे १९७० पासून चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आहेत. हे मंडळ त्या वर्षी नागपूर येथे स्थापन झाले. कॅथलिक चर्च आतून चटकन ओळखू येते. दोन्ही भिंतींवर क्रुसाच्या वाटेची चौदा स्थाने (येशूच्या दुःखसहनाची चित्रे वा शिल्पे) असतात, पवित्र मरीयेची मूर्ती असते, कन्फेशनची (पापनिवेदनाची) जाळीदार खोकी असते. वेदीच्या मागे किंवा बाजूला पवित्र भाकर ठेवण्याची कुलूपबंद पेटी आणि तिच्याजवळ सतत तेवणारा, बहुधा लाल काचेचा दिवा असतो. तो दिवा तेथे ख्रिस्त उपस्थित असल्याची खूण मानला जातो आणि तो तेवत ठेवणे धर्मसंहितेने बंधनकारक केले आहे.

भेट : जुन्या चर्चला भेट देणाऱ्याने हे चालते घर आहे हे आधी ध्यानात घ्यावे. धर्मसंहितेच्या १२२१ व्या कलमानुसार उपासनेच्या वेळी चर्चमधील प्रवेश मुक्त व विनामूल्य असतो, आणि ९३७ व्या कलमानुसार पवित्र भाकर असलेले चर्च रोज निदान काही तास प्रार्थनेसाठी उघडे ठेवावे लागते. खानदेशात दुपारी दार बंद आढळणे स्वाभाविक आहे. सकाळच्या मिस्सेनंतरची वेळ सर्वांत सोयीची. चपला बाहेर काढायच्या की नाही हे दाराशी पाहून ठरवावे. मराठी वस्तीच्या चर्चांत लोक अनेकदा काढतात, बाकांच्या इंग्रजी वळणाच्या चर्चांत काढत नाहीत. दाराशी पवित्र पाण्याचे भांडे असते. कॅथलिक त्यात बोटे बुडवून क्रुसाची खूण करतात, इतरांनी केलीच पाहिजे असे नाही. मिस्सा चालू असल्यास मागच्या बाकावर बसावे, सर्व उठतील तेव्हा उठावे. कम्युनियनच्या वेळी रांगेत उभे राहून भाकर घेऊ नये. ती संस्कार मिळालेल्या कॅथलिकांसाठी आहे. कोणी नकळत हात पुढे केला, तर फादरांनाही संकोच होतो. छायाचित्रे मिस्सेनंतर, विचारून काढावीत.

नोंदवह्या : अभ्यासकाच्या दृष्टीने चर्चमधील सर्वांत मौल्यवान वस्तू कपाटात असते. विवाहाची नोंद ठेवण्याचा दंडक ट्रेंटच्या परिषदेने १५६३ मध्ये घातला. स्नानसंस्काराच्या वहीत मुलाचे नाव, जन्माची व संस्काराची तारीख, आईवडिलांची व धर्मपालकांची नावे आणि धर्मगुरूची सही असते. रेल्वेगावात वडिलांचा हुद्दाही कुठे कुठे येतो. त्यावरून फायरमनचा ड्रायव्हर केव्हा झाला हे धाकट्या भावंडांच्या नोंदींतून कळते. समासात नंतरची भर असते, कारण दृढीकरण (कन्फर्मेशन) संस्कार व विवाह कोठेही झाला, तरी त्याची खबर मूळ वहीत टिपावी लागते. त्यामुळे भुसावळला जन्मलेल्या मुलीच्या नावापुढे दूरच्या शहरातील लग्न लिहिलेले सापडू शकते. मुंबई इलाख्यातून लंडनला पाठवलेल्या नोंदींच्या प्रती ब्रिटिश लायब्ररीत ‘एन/३’ या क्रमाखाली आहेत; पण कॅथलिकांच्या बाबतीत त्या अपुऱ्या असल्याने मूळ वहीला पर्याय नाही. खानदेशच्या कोरड्या हवेत कागद ठिसूळ होतो आणि वाळवीही लागते. वह्यांची डिजिटल प्रत करून घेणे हे इमारतीच्या रंगरंगोटीइतकेच निकडीचे काम आहे.

इतर : नंदुरबार व नवापूर भागातील आदिवासी ख्रिस्ती समाज बहुतांशी प्रॉटेस्टंट मिशनांच्या कामातून घडला, त्याचा इतिहास वेगळा आहे. खानदेशातील कॅथलिक कुटुंबे नाशिकरोड येथील बाळ येशूच्या फेब्रुवारीतील यात्रेस आणि श्रीरामपूरजवळच्या हरेगाव येथील मतमाउलीच्या (पवित्र मरीयेच्या) सप्टेंबरमधील यात्रेस जातात. नाशिकरोडला भुसावळहून थेट गाडी असल्याने पहिल्या यात्रेची ओढ अधिक.