‘काही फरक पडला का?’ हे विचारायचं कोणाला?

ऑटिस्टिक मुलांच्या थेरपी सेंटरबाहेर वाट बघत बसलेल्या आईवडिलांमध्ये एक प्रश्न हमखास फिरत असतो : काही फरक पडला का? ‘हो, आता दहा मिनिटं खुर्चीवर बसतो.’ ‘नजरेला नजर द्यायला लागलीय.’ ‘हात झटकणं बरंच कमी झालंय.’ विचारणारे आईवडील, सांगणारे थेरपिस्ट, आणि आकडे चढतात ते फाइलमध्ये. ज्याच्यात फरक पडायचा तो मुलगा आत टेबलापाशी असतो. त्याला कोणी विचारत नाही.

संशोधनातही कित्येक वर्षं हेच चाललं. ऑटिस्टिक माणसं त्यात होती, पण तक्त्यातल्या नोंदी म्हणून. ती स्वतः बोलायला लागली तेव्हा बऱ्याच शास्त्रज्ञांना वाटलं की आता भावना विज्ञानाच्या आड येणार. मला या वादात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट नेमकी उलटी आहे. या लोकांनी मागितलं ते अधिक काटेकोर विज्ञान.

वर्तनोपचारांत सर्वांत पसरलेला उपचार म्हणजे एबीए, अर्थात अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस. एखादं कौशल्य बारीक तुकड्यांत मोडायचं, मुलानं तुकडा बरोबर केला की लगेच बक्षीस द्यायचं, आणि हे पुन्हापुन्हा करायचं. ऑटिझमसाठी ही पद्धत रुजवली ती लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ओले इव्हार लोवास यांनी. १९८७ साली त्यांचा गाजलेला निबंध आला. चार वर्षांच्या आतल्या १९ मुलांना दोन किंवा त्याहून जास्त वर्षं, आठवड्याला ४० तास उपचार दिले गेले. त्यांतली ९ मुलं, म्हणजे ४७ टक्के, पहिलीच्या साध्या वर्गात गेली आणि बुद्ध्यंकही सर्वसाधारण पातळीवर आला. तुलनेसाठी घेतलेल्या ४० मुलांपैकी असं एकाच मुलाचं झालं. १९९३ साली त्याच मुलांचा पाठपुरावा छापला गेला : ९ पैकी ८ जण चाचण्यांमध्ये सर्वसाधारण मुलांपासून वेगळे ओळखू येत नाहीत.

‘४७ टक्के’ हा आकडा मग जगभरच्या आईवडिलांच्या तोंडी झाला. त्यांना नावं ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही. मुलाचं पुढे कसं होणार या धास्तीत असलेल्या माणसाला असा आकडा मिळाला तर तो घर गहाण ठेवील.

पण त्या निबंधात दोन गोष्टी होत्या. कोणतं मूल कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. थेरपिस्ट उपलब्ध आहेत का, यावर ते ठरलं होतं. दुसरी गोष्ट, मुलं चुकली तर जोरात ‘नाही!’ म्हणणं आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणं हा त्या उपचाराचा भाग होता. त्याच्याही आधी, १९६५ साली, लोवास आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या जुळ्या भावांना जमिनीत बसवलेल्या पट्ट्यांमधून विजेचे झटके देऊन माणसाजवळ यायला ‘शिकवलं’ होतं. हे लपूनछपून झालं नाही, शास्त्रीय नियतकालिकात छापलं गेलं. आज बहुतेक एबीए केंद्रांमध्ये शिक्षा होत नाही, भर बक्षिसांवर असतो, हे सांगायलाच हवं. पण ‘वेगळं ओळखू न येणं’ ही यशाची व्याख्या त्या काळातून चालत आली, आणि ती वरवर पाहणाऱ्याची व्याख्या आहे.

तिला धक्का दिला मिशेल डॉसन या कॅनडातल्या ऑटिस्टिक बाईंनी. त्या टपाल खात्यात पत्रं वाटायचं काम करायच्या. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या काही आईवडिलांनी, सरकारनं लोवास पद्धतीच्या उपचाराचा खर्च उचलावा म्हणून खटला भरला होता आणि खालच्या न्यायालयांत ते जिंकलेही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं तेव्हा डॉसन यांनी त्यात आपली बाजू मांडायची परवानगी मिळवली. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये निकाल आईवडिलांविरुद्ध गेला. हा विशिष्ट उपचार पुरवायला कायद्यानं सरकार बांधील नाही, या मुद्द्यावर तो गेला. डॉसन यांचा मुद्दा त्याहून खोल होता. त्या विचारत होत्या : दुसऱ्या कुठल्याही आजाराच्या वा अपंगत्वाच्या उपचाराला तुम्ही जे शास्त्रीय आणि नैतिक निकष लावता, ते ऑटिस्टिक माणसाच्या वेळी का सोडता? चिठ्ठ्या टाकून गट का पाडत नाही? दुष्परिणाम का मोजत नाही?

पुढे त्या माँट्रियलमध्ये मानसोपचारतज्ज्ञ लोराँ मोत्राँ यांच्याबरोबर संशोधन करू लागल्या. २००७ च्या त्यांच्या एका अभ्यासानं मोजपट्टीवरच बोट ठेवलं. ऑटिस्टिक मुलांना दोन बुद्धिमापन चाचण्या दिल्या : नेहमीची वेक्सलर, जिच्यात तोंडी सूचना आणि तोंडी उत्तरं बरीच असतात, आणि रेव्हन, जिच्यात आकृत्यांची संगती ओळखायची असते. त्याच मुलांचे रेव्हनमधले गुण सरासरी ३० पर्सेंटाइलनं वर आले. मूल तेच, पट्टी बदलली. आणि लोवास यांच्या निबंधात यश मोजण्याच्या दोन पट्ट्यांपैकी एक बुद्ध्यंकाचीच होती, हे आठवून पाहा.

डॉसन यांचे प्रश्न रास्त होते हे कळायला बरीच वर्षं जावी लागली. २०२० साली मायकील सँडबँक आणि सहकाऱ्यांनी लहान ऑटिस्टिक मुलांवरच्या सर्व प्रकारच्या उपचारांचे १५० अभ्यास एकत्र तपासले. त्यांत ६,२४० मुलं होती. सगळे अभ्यास सरसकट धरले तर वर्तनोपचारांसह अनेक उपचारांचा परिणाम चांगला दिसतो. मग त्यांनी चाळण लावली. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले अभ्यासच ठेवले. त्यांतूनही अशीच मापं घेतली जिथे मोजणाऱ्याला कोणत्या मुलाला उपचार मिळालाय हे ठाऊक नव्हतं. ही दुसरी अट फार मोलाची. दोन वर्षं रोज मुलाला सेशनला घेऊन जाणाऱ्या आईला प्रश्नावली दिली तर तिला फरक दिसणारच, दिसायलाच हवा असतो. या चाळणीतून एकाही प्रकारच्या उपचाराचा कोणताही ठाम परिणाम खाली उरला नाही.

याचा अर्थ उपचार निरुपयोगी आहेत असा नाही. २०२३ मध्ये याच गटानं २५२ अभ्यास घेऊन पुन्हा तपासणी केली, तेव्हा खेळातून आणि रोजच्या व्यवहारातून शिकवणाऱ्या काही पद्धतींच्या बाजूनं बरे पुरावे दिसले. अर्थ एवढाच की ज्या खात्रीनं आईवडिलांना सांगितलं जात होतं, तेवढी खात्री कोणाकडेच नव्हती.

त्याच १५० अभ्यासांवर क्रिस्टन बॉटेमा-ब्यूटेल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये आणखी एक प्रश्न टाकला. किती अभ्यासांनी दुष्परिणामांचा उल्लेख तरी केला? उत्तर : ११. खोकल्याच्या साध्या औषधाची चाचणी घेतली तरी मळमळ, झोप, डोकेदुखी, सगळं लिहून ठेवावं लागतं. इथे लहान मुलाला आठवड्यातले कित्येक तास एका पद्धतीत बसवायचं आणि ते रडलं का, झोप उडाली का, पुढे त्या खोलीत पाऊल टाकायला घाबरलं का, याची नोंदच नाही. नोंद नाही म्हणून दुष्परिणाम नाहीत, असं मात्र सर्रास मानलं गेलं. मला याचा राग येतो.

काय मोजायचं हे आतल्या माणसाला कसं वेगळं दिसतं, याचं साधं उदाहरण म्हणजे हात झटकणं, डुलणं, बोटं डोळ्यांसमोर नाचवणं. इंग्रजीत याला स्टिमिंग म्हणतात. उपचाराच्या फाइलमध्ये ही ‘कमी करायची वर्तणूक’. स्टीव्हन कॅप हे स्वतः ऑटिस्टिक असलेले संशोधक. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ३२ ऑटिस्टिक प्रौढांचं म्हणणं छापलं. आवाज, उजेड, विचार अंगावर यायला लागले की यानं सावरायला मदत होते, आणि फार आनंद झाला तरी तो असाच बाहेर पडतो, असं त्यांनी सांगितलं. ते बंद करणाऱ्या उपचारांना त्यांचा विरोध होता. डोक्यावर वादळ घोंगावत असताना हात बांधून शांत बसलेलं मूल बाहेरून ‘सुधारलेलं’ दिसतं.

नजरेचंही तसंच. ऑटिस्टिक माणसं वर्षानुवर्षं सांगत होती की डोळ्यांत बघणं त्रासदायक होतं. २०१७ मध्ये नूशीन हाजीखानी यांच्या गटानं मेंदूच्या स्कॅनमध्ये ते पाहिलं. चेहऱ्याचं चित्रण दाखवताना डोळ्यांच्या भागावरच नजर ठेवायला लावली, तर धोका आणि भावना हाताळणाऱ्या मेंदूच्या खोल भागांत ऑटिस्टिक लोकांमध्ये जास्तच खळबळ दिसली. एका अभ्यासावर सगळं तोलू नये. पण आधी विचारलं असतं तर हा अभ्यास कितीतरी आधी झाला असता.

वेगळेपण लपवत जगण्याची किंमतही अशीच उशिरा मोजली गेली. सॅरा कॅसिडी आणि सहकाऱ्यांच्या २०१८ च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात, जे ऑटिस्टिक प्रौढ स्वतःला जास्त झाकत होते, त्यांच्यात आत्महत्येच्या विचारांचा धोका जास्त आढळला. लहानपणच्या थेरपीमुळे हे होतं असं त्यातून सिद्ध होत नाही. पण ‘वेगळं ओळखू न येणं’ हे बक्षीस देऊन शिकवायचं ध्येय असावं का, हा प्रश्न मात्र आता टाळता येणार नाही.

आवाज सामील करायचा म्हणजे परिषदेत एका ऑटिस्टिक वक्त्याला हार घालायचा, असं नव्हे. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘आस्पायर’ या गटात डॉक्टर क्रिस्टिना निकोलायडिस आणि ऑटिस्टिक संशोधक डोरा रेमेकर यांनी काम अगदी मुळापासून वाटून घेतलं. विषय निवडण्यापासून निष्कर्ष लिहिण्यापर्यंत ऑटिस्टिक सदस्य बरोबरीचे. बैठकीचा मसुदा आधी हातात. बोलण्यापेक्षा टाइप करणं सोपं जातं त्यांच्यासाठी लेखी गप्पांतून बैठका. प्रश्नावल्याही बदलल्या, कारण मोघम शब्द आणि वाक्प्रचार गोंधळात टाकतात. आपल्याकडे कोणी ‘कामावर जायला जिवावर येतं का?’ असं विचारलं, तर शब्दाचा शब्दशः अर्थ घेणारा माणूस काय उत्तर देईल? आणि त्या उत्तरावरून कोणी निष्कर्ष काढला, तर चूक कोणाची?

आता एक आक्षेप, आणि तो मला हलका वाटत नाही. ज्या आईचा अठरा वर्षांचा मुलगा बोलत नाही, स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतो, त्याला रात्री एकटं सोडता येत नाही, ती म्हणते : लेख लिहिणारी, भाषणं करणारी ऑटिस्टिक माणसं माझ्या मुलाचं काय सांगणार? तिचं म्हणणं अर्धं तरी खरं आहे. कोणताही एक माणूस सगळ्यांच्या वतीनं बोलू शकत नाही. पण मग त्या मुलाचं म्हणणं आणायचं कुठून? न बोलणारं मूलही कळवत असतं : कार्ड ढकलतं, अंग चोरतं, दाराकडे जातं, हसतं, चित्रांच्या पाटीवर बोट ठेवतं. आईवडिलांच्या सहीनं संमती मिळते, मुलाचा होकार रोज नव्यानं पाहावा लागतो. ढकललेलं कार्ड फाइलमध्ये ‘असहकार’ म्हणून लिहायचं की ‘नको’ म्हणून, एवढ्यावर पुष्कळ काही ठरतं. आणि डोकं का आपटतो, याचं उत्तर कधीकधी दातदुखीत असतं हे त्या आईला कोणी शिकवायला नको.

आपल्या मराठीनं ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हटलं. चांगल्या हेतूनं म्हटलं, पण हा शब्दही बाहेरून पाहणाऱ्याचाच. एडिनबराच्या कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक प्रयोग छापला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकानं दुसऱ्याला, दुसऱ्यानं तिसऱ्याला गोष्ट सांगायची. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तितकीच टिकली जितकी सगळे ऑटिस्टिक नसलेल्या साखळीत. गळती जास्त झाली ती मिसळलेल्या साखळ्यांमध्ये. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये हेच मांडलं होतं : न कळणं दोन्ही बाजूंनी असतं.

जवळचं उदाहरण गोव्याचं आहे. तिथल्या संगाथ या संस्थेत आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत मिळून ६५ ऑटिस्टिक मुलांवर केलेली चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त आली. गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले होते. मोठे तज्ज्ञ नव्हे, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते आईवडील आणि मुलाच्या खेळाचं चित्रण करायचे, मग ते बरोबर बसून पाहायचे, आणि मुलाच्या बारीक खुणांना प्रतिसाद कसा द्यायचा हे आईवडील त्यातून शिकायचे. म्हणजे आधी बदलायचं होतं ते मोठ्यांनी. आईवडील मुलाशी जास्त जुळवून घेऊ लागले, मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ मात्र कमी झाला, आणि तेही निबंधात स्वच्छ लिहिलं आहे.

त्या पडद्यासमोर आज दोन खुर्च्या असतात, एक कार्यकर्त्याची आणि एक आईची. तिथे तिसरी खुर्ची एखाद्या ऑटिस्टिक प्रौढाची ठेवावी, असं मला फार वाटतं. चित्रणातलं मूल मधेच तोंड फिरवतं, पाच सेकंद पंख्याकडे बघतं आणि परत येतं, तेव्हा त्या पाच सेकंदांत काय चाललं असेल याचा अंदाज त्या खुर्चीवरून कदाचित अधिक बरोबर लागेल.