कॅसेट घरात आहे, ती वाचणारं यंत्र?

जुलै २०१६ मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणं थांबवलं. व्हीएचएस या घरगुती व्हिडिओ कॅसेटचं यंत्र बनवणारी जगातली ती शेवटची कंपनी. विक्री घटत होतीच, पण सुटे भागही मिळेनासे झाले होते. एके काळी वर्षाला दीड कोटी यंत्रं विकणाऱ्या या कंपनीने २०१५ मध्ये साडेसात लाख विकली. साडेसात लाख म्हणजे काही थोडी नव्हेत. गिऱ्हाईक शिल्लक असताना यंत्र संपलं, असा हा प्रकार आहे.

पुन्हा कुणी बनवत का नाही, हे आतला ड्रम पाहिला की कळतं. आवाज नोंदवायला सेकंदाला वीस हजार कंपनांपर्यंत मजल पुरते. व्हीएचएसच्या चित्राला तीसेक लाख लागतात. एवढी कंपनं टेपवर उमटायची तर हेड, म्हणजे टेपवर नोंद करणारा आणि ती वाचणारा चुंबकी भाग, आणि टेप एकमेकांवरून सेकंदाला काही मीटर वेगाने घासली पाहिजेत. तशी टेप सरळ पळवली असती, तर तीन तासांच्या सिनेमाला पन्नास किलोमीटरहून जास्त टेप लागली असती. प्रत्यक्षात अडीचशे मीटर पुरते, कारण इथे हेडच फिरतं.

६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम जरा कलता बसवलेला असतो आणि त्याच्या दोन बाजूंना दोन हेडं असतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत तो मिनिटाला १५०० फेरे घेतो. टेप त्याला निम्म्याहून थोडी जास्त वेढून सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते, म्हणजे गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्या वेगाने. प्रत्येक हेड टेपवर तिरकी रेघ ओढत जातं. रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन, केसाहून बारीक, आणि त्या एका रेघेत सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं चित्र. ट्रॅकिंगचं बटण फिरवलं की पडद्यावरचे पांढरे पट्टे जायचे, तेव्हा हेड या रेघेवर नेमकं आणण्याचंच काम चालू असायचं. फिरत्या हेडांची कल्पना अमेरिकेच्या ॲम्पेक्स कंपनीने १९५६ मध्ये टीव्ही केंद्रांसाठी यशस्वी केली; जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस घराघरांत नेलं. घरात ठेवायच्या वस्तूत इतकं नाजूक यांत्रिक काम क्वचितच झालं असेल. पण ही हेडं टेपवर घासून झिजतात. आता एक यंत्र दुरुस्त करायचं तर बहुधा दुसरं मोडावं लागतं.

व्हीएचएसला मागे टाकलं ते डीव्हीडीने. ती १९९६ मध्ये जपानात आली आणि २००३ मध्ये अमेरिकेत भाड्याच्या बाजारात कॅसेटच्या पुढे गेली. आपल्याकडे त्याआधीच स्वस्त व्हीसीडी गल्लोगल्ली पोहोचली होती. सिनेमांचं यात फारसं बिघडलं नाही, त्यांच्या नव्या प्रती निघाल्या. मला काळजी वाटते ती लग्नाच्या, मुंजीच्या, गावच्या जत्रेच्या कॅसेटींची. आजीचा चालताबोलता आवाज कित्येक घरांत फक्त तिथेच आहे.

टेप स्वतःही टिकाऊ नाही. पॉलिएस्टरची पट्टी मजबूत असते, लोहाच्या ऑक्साइडचे चुंबकीय कणही सहजी दगा देत नाहीत. कच्चा दुवा आहे तो त्या कणांना पट्टीवर धरून ठेवणारा पॉलियुरेथेनचा थर. हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूसाखळ्या तुटतात, टेप चिकट होते आणि तिची भुकटी हेडवर बसते. कोकणपट्टीच्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात भर पडते बुरशीची. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय चित्रपट आणि ध्वनी संग्रहालयाने २०१५ मध्येच बजावलं होतं, की २०२५ पर्यंत डिजिटल न केलेल्या टेपा बहुतांशी कायमच्या हातच्या जातील. ती मुदत आता उलटली आहे.

म्हणून कॅसेट आजच खाली काढा आणि तिच्या खिडकीतून गुंडाळी उजेडात पाहा. कडेला पांढरे ठिपके किंवा जाळं दिसलं, तर ती यंत्रात घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीतही शिरते. तिची आधी जाणकाराकडून सफाई व्हायला हवी. ठिपके नसतील तर डिजिटल करून घ्या. दुकानदाराकडे मोबाइलपुरती आवळलेली फाइल नको, मोठी मूळ फाइल मागा आणि ती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. काम झालं तरी कॅसेट टाकू नका. ती कोरड्या जागी, पुस्तकासारखी उभी ठेवा. पहिल्या वेळी झिजलेल्या हेडने जे नीट वाचलं नसेल, ते एखाद्या चांगल्या यंत्रावर अजून मिळू शकतं.