रेषालेख

काळाबरोबर बदलणारी संख्या बिंदूंनी मांडून ते बिंदू क्रमाने जोडले की रेषालेख तयार होतो. आडव्या क्ष-अक्षावर काळ असतो, उभ्या य-अक्षावर संख्या. स्कॉटलंडचा अभियंता विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये आयात आणि निर्यात अशा दोन रेषा काढून त्यांमधल्या अंतरातून व्यापाराची शिल्लक दाखवली, आणि आर्थिक आकडेवारीत ही पद्धत पुढे हळूहळू रुळली.

रेषालेखात मुख्यतः वाचायचा असतो तो रेषेचा चढ, म्हणजे बदलाचा वेग. त्यामुळे क्ष-अक्षावरची अंतरे काळाच्या प्रमाणातच हवीत. नेमकी हीच अट बऱ्याचदा मोडली जाते. गोव्याची जनगणना घ्या. लोकसंख्या लाखांत अशी: १९६० मध्ये ५.९०, १९७१ मध्ये ७.९५, १९८१ मध्ये १०.०८, १९९१ मध्ये ११.७०, २००१ मध्ये १३.४८ आणि २०११ मध्ये १४.५९. १९६० ची गणना पोर्तुगीज राजवटीतली, म्हणून पहिले अंतर ११ वर्षांचे, पुढची १० वर्षांची.

मिलिमीटरच्या आलेख कागदावर क्ष-अक्षावर २ मिमी = १ वर्ष आणि य-अक्षावर १ सेमी = १ लाख असे प्रमाण घ्यावे. १९६० आरंभबिंदूवर धरले तर १९७१ येते २.२ सेमीवर, १९८१ येते ४.२ सेमीवर, आणि २०११ येते १०.२ सेमीवर. ५.९० लाखांचा बिंदू ५ सेमी ९ मिमी उंचीवर पडतो. प्रमाण वरच्या कोपऱ्यात लिहावेच.

सगळी अंतरे सारखी घेतली तर १९६०–७१ आणि १९७१–८१ यांचे चढ जवळपास एकच दिसतात, कारण वाढ अनुक्रमे २.०५ आणि २.१३ लाख आहे. प्रत्यक्षात वर्षाला सुमारे १८,६०० वरून वाढ २१,३०० वर गेली होती. स्प्रेडशीटमधला ‘लाइन’ चार्ट वर्षांना बहुधा नुसती नावे समजतो आणि हीच चूक करतो. तिथे वर्षांना संख्या मानून बिंदू मांडणारा, रेषा जोडलेला ‘स्कॅटर’ चार्ट निवडावा.

आकडे एकाच प्रदेशाचे आहेत ना, हेही तपासावे. १९८७ पर्यंत गोवा, दमण आणि दीव हा एकच केंद्रशासित प्रदेश होता. १९८१ साठी त्याचा १०.८७ लाख हा आकडा चुकून घेतला तर रेषेला नसलेला फुगवटा येतो आणि पुढचे दशक उगाच मंदावलेले दिसते.

दोन बिंदूंमधली रेषा हा अंदाज असतो. १९७६ साठी ती सुमारे ९ लाख दाखवते, पण त्या वर्षी मोजणी झालेली नाही. २०११ च्या पुढे रेषा ओढू नये. माहिती नसेल तिथे खंड ठेवावा. मात्र १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात ट्रॉलरची मासळी खरोखरच शून्य असते, तिथे रेषा शून्यावर आणावी. पेडणे, बार्देश, तिसवाडी असे गोव्यातले तालुके रेषेने जोडण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यात काळाचा क्रम नसतो. त्यांच्यासाठी स्तंभालेख काढावा.