असमान बलाचा डाव (बुद्धिबळ)

गुणांकनात (रेटिंग, म्हणजे खेळाडूचे बळ दाखवणारा आकडा) मोठी तफावत असलेल्या दोन खेळाडूंमधील स्पर्धात्मक डाव. खुल्या स्पर्धांत तो टळत नाही. तिथे बहुधा स्विस पद्धत असते: हरणारा बाद होत नाही, पुढच्या फेरीत सारख्या गुणांच्या खेळाडूंशी खेळतो. पहिल्या फेरीसाठी गुणांकनानुसार यादी लावून तिचे दोन भाग करतात आणि वरच्या भागातल्या पहिल्याची गाठ खालच्या भागातल्या पहिल्याशी घालतात. साहजिकच ग्रँडमास्टरसमोर एखादा शाळकरी मुलगा येऊन बसतो. एकोणिसाव्या शतकात बलवान खेळाडू आपले प्यादे किंवा घोडा काढून ठेवून खेळत. स्पर्धेत ती सवलत नाही.

सवलत नसली तरी हिशेब समान नसतो. आर्पाड एलो यांची गुणांकनपद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने (फिडे) १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यानुसार २५०० गुणांकनाच्या ग्रँडमास्टरकडून २१०० वाल्याविरुद्ध ०.९२ गुणाची अपेक्षा असते (विजयाला १ गुण, बरोबरीला अर्धा). तो जिंकला तर गुणांकनात जेमतेम ०.८ ची भर पडते. बरोबरी झाली तर ४.२ जातात, हरला तर ९.२. समोरचा अठरा वर्षांखालील असेल, तर त्याचे गुणांकन चौपट वेगाने बदलते, आणि नुसत्या बरोबरीवर ते १६.८ ने वाढते. म्हणजे बलवानासाठी बरोबरी हा जवळजवळ पराभवच.

म्हणून तो गुंतागुंत वाढवतो, मोहऱ्यांची मारामारी टाळतो, पटावर मोहरी राखतो. दुबळा नेमके उलटे करतो: दिसेल ते मारून डाव सोपा करू पाहतो. हा बेत बहुतेकदा अंगाशी येतो, कारण वजीर गेल्यावर उरणाऱ्या अंतिम पर्वातच ग्रँडमास्टरचा हात सर्वांत पक्का असतो. लिंबूटिंबूने उलट धारदार खेळावे. हरायचेच असेल तर निदान लढून.

उलथापालथी होतातच. ऑक्टोबर २०२३ मध्ये कतार मास्टर्सच्या दुसऱ्या फेरीत कझाकस्तानच्या अलिशेर सुलेमेनोव्हने माजी जगज्जेत्या मॅग्नस कार्लसनला हरवले. दोघांत तीनशेहून अधिक गुणांची तफावत होती. प्रतिस्पर्ध्याच्या मनगटावरील घड्याळाने आपले लक्ष उडाले, असे कार्लसनने नंतर सांगितले. फसवणुकीचा आरोप मात्र केला नाही.

तफावत ४०० हून जास्त असली तरी ती ४०० च धरण्याचा नियम होता. त्यामुळे अव्वल खेळाडूला कितीही कच्च्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकल्यावर ०.८ हमखास मिळत. अमेरिकन ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा २०२५ मध्ये अमेरिकेतील छोट्या स्पर्धा खेळू लागल्यावर हा नियम चर्चेत आला. १ ऑक्टोबर २०२५ पासून २६५० व त्यावरील खेळाडूंसाठी प्रत्यक्ष तफावतच मोजली जाते.