लिव्हर ड्रॅग रीलवर ड्रॅग बसवणे (जाड ब्रेडेड, म्हणजे बारीक तंतू विणून केलेल्या, दोरीसाठी)

ट्यूना, मार्लिन यांसारखे मोठे समुद्री मासे रॉड आणि रीलने पकडताना दोरी किती ताणावर सुटू लागावी, हे आधीच मोजून ठरवण्याची क्रिया. रीलमधल्या घर्षणाच्या ब्रेकला ड्रॅग म्हणतात. मासा ठरावीक ताणापेक्षा जोराने ओढू लागला की ड्रॅग घसरतो, ज्यावर दोरी गुंडाळलेली असते ते स्पूल उलटे फिरते आणि दोरी तुटण्याऐवजी सुटत जाते. हातदोरीने सुरमई गरवणारा कोकणी मच्छीमार हेच काम बोटांनी ढील देऊन करतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत रीलला असा ब्रेक नव्हता. स्पूलवर चामड्याचा तुकडा अंगठ्याने दाबून धरत, आणि उलट्या फिरणाऱ्या हँडलने बोटे फुटत. 1913 साली कॅलिफोर्नियाच्या कॅटलिना बेटाजवळ विल्यम बोशेन यांनी आतून ड्रॅग बसवलेल्या रीलवर तलवार मासा पकडला आणि या जातीच्या रीलचा जम बसला. तो ड्रॅग हँडलजवळच्या ताऱ्याच्या आकाराच्या चाकाने आवळायचा असे. लिव्हर ड्रॅग, म्हणजे एका दांड्याने कमी-जास्त करायचा ड्रॅग, नंतरचा. चाक किती फिरवले हे मासा ओढत असताना लक्षात राहत नाही. लिव्हर मात्र कुठे आहे ते नुसत्या अंगठ्याला कळते.

लिव्हरच्या मुख्य जागा तीन: फ्री (स्पूल मोकळे), स्ट्राइक (मासा लागताना ठेवायचा ताण) आणि फुल (सर्वांत जास्त ताण). लिव्हर पुढे सरकवला की आतला कॅम (फिरताना ढकलणारा उंचवट्याचा भाग) स्पूल आणि ड्रॅगची चकती एकमेकांवर दाबतो. बहुतेक आधुनिक रीलमध्ये चकतीला कार्बन फायबरचे अस्तर असते. स्ट्राइकच्या पुढे लिव्हर चुकून जाऊ नये म्हणून तिथे बहुधा एक बटण असते, ते दाबल्याशिवाय फुल मिळत नाही. फ्री ते फुल या सगळ्या टप्प्यांत ताण किती मिळेल हे वेगळ्या प्रीसेट नॉबने ठरते. नॉब फिरवताना लिव्हर फ्रीवरच हवा. दाबाखाली नॉब फिरवणे म्हणजे आतल्या भागांची झीज ओढवून घेणे.

मोजणी ताणकाट्याने करतात. लिव्हर स्ट्राइकवर आणून दोरी सरळ रेषेत, एकसारख्या वेगाने ओढायची आणि स्पूल फिरत असतानाचा आकडा वाचायचा. पहिल्या झटक्याचा आकडा बहुधा जास्त येतो, तो धरायचा नाही. आकडा पटला नाही तर लिव्हर फ्रीवर, नॉब थोडा, पुन्हा स्ट्राइक, पुन्हा ओढ. रॉडच्या कड्यांतून वाकवून मोजल्यास घर्षणामुळे आकडा वाढतो. माशाला जाणवणारा ताण तोच असल्यामुळे, कसे मोजले ते आकड्यासोबत लक्षात ठेवावे लागते. ब्रेडेड दोरी हाताला गुंडाळून कधीही ओढू नये, ती मांस कापते. काट्याच्या हुकाला जाड नायलॉनचा फास बांधून त्यावर ओढावे.

नायलॉनच्या काळातला नियम सोपा होता: स्ट्राइकचा ताण दोरीच्या तुटण्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश. जाड ब्रेडेडला हा नियम जसाच्या तसा लावता येत नाही. डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या पॉलिएथिलीन तंतूंची 130 पौंडी (सुमारे 59 किलो) दोरी घेतली, तर एक तृतीयांश म्हणजे जवळजवळ 20 किलो. एवढा ताण उभ्याने, हार्नेसशिवाय (रीलचा भार अंगावर घेणाऱ्या पट्ट्यांशिवाय) फार वेळ पेलणारा माणूस विरळा. शिवाय पुढे 100 पौंडी (सुमारे 45 किलो) लीडर (मुख्य दोरी आणि हूक यांमधला दोरीचा तुकडा) जोडलेला असेल तर साखळीची कमकुवत कडी तोच, किंवा त्याची गाठ. म्हणून हिशेब लीडरपासून धरावा: 11 ते 15 किलो. हूक बारीक असेल किंवा माशाचे तोंड मऊ असेल तर त्याहूनही कमी. दोरीवर छापलेला आकडा पाहून ड्रॅग आवळणे ही या छंदातली सर्वांत महागडी सवय आहे.

ब्रेडेड दोरी जेमतेम ताणते. नायलॉन बराच ताणतो आणि झटका गिळतो. त्यामुळे ड्रॅग अडखळत सुटला तर नायलॉनवर खपून जाते, ब्रेडेडवर हूक तोंडातून फाडून निघतो. कॅलिफोर्नियाच्या लांब पल्ल्याच्या बोटींवर पोकळ ब्रेडेडला पुढे नायलॉन किंवा फ्लुरोकार्बनचा टॉपशॉट (पुढच्या टोकाचा दोरीचा तुकडा) जोडतात, त्याचे एक कारण हेच.

आणखी एक फसगत. गुळगुळीत स्पूलवर थेट ब्रेडेड गुंडाळली तर ताणाखाली दोरीचा सगळा गठ्ठाच स्पूलवर घसरतो आणि ड्रॅग सैल असल्याचा भास होतो. माणूस नॉब आवळत जातो, आकडा वाढत नाही. तळाला नायलॉनचे थोडे वेढे किंवा चिकटपट्टी दिली की हे थांबते. दोरी ताण देऊनच भरायची, नाहीतर वरचा वेढा खालच्या थरांत रुततो आणि मासा पळताना तिथेच अडकतो.

मासा दोरी नेतो तसा स्पूलवरचा घेर घटतो. चकतीचा विरोध तेवढाच, पण त्रिज्या निम्मी झाली की दोरीवरचा ताण दुप्पट: 13 चे 26 किलो. त्यात पाण्यातून ओढल्या जाणाऱ्या दोरीचा विरोध मिळतो. म्हणून मासा लांब गेल्यावर लिव्हर मागे घ्यावा, पुढे ढकलू नये. घाबरलेला हात नेमके उलटे करतो. ब्रेडेड बारीक असल्याने तेवढ्याच लांबीला घेर कमी घटतो, हा तिचा खरा फायदा.

स्ट्राइकचा आकडा रीलच्या कुवतीबाहेर नेला तर फ्रीवरही चकती घासू लागते, स्पूल मोकळे सुटत नाही आणि जिवंत आमिष पोहू शकत नाही. हँडलही जड होते, कारण स्पूल एका बाजूच्या बेअरिंगवर दाबले जाते. काही रीलमध्ये आतल्या बशीच्या आकाराच्या स्प्रिंग वॉशरची मांडणी बदलून लिव्हरच्या प्रवासात ताण कसा चढतो ते बदलता येते: एकमेकींत बसवल्या तर चढ तीव्र, समोरासमोर ठेवल्या तर मंद. त्यापेक्षा मोठी रील घेणे बरे.

जागतिक विक्रमांची नोंद ठेवणारी, 1939 साली स्थापन झालेली आयजीएफए (इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन) 60 किलोपर्यंतचेच दोरीवर्ग मानते आणि दोरीचा नमुना ओला करून तपासते. 130 पौंडी म्हणून विकलेली ब्रेडेड बऱ्याचदा त्याहून जास्त ताणावर तुटते, म्हणजे विक्रमातून बाद.

मासेमारी संपल्यावर रील गोड्या पाण्याने हलकेच धुवावी; त्या वेळी लिव्हर पुढे ठेवतात, म्हणजे चकतीत पाणी शिरत नाही. वाळल्यावर लिव्हर फ्रीवर घेऊन ठेवावा. दाबाखाली महिनोन्महिने राहिलेली चकती चपटते आणि पुढच्या खेपेला आकडा जुना राहत नाही.